'सध्या हातात काय?' : नऊ वाचकांच्या एका वहीच्या नोंदी

५ जानेवारी

आज वही सुरू केली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. आम्ही नऊ जण आहोत. सगळे नेमाने वाचणारे, पण पुस्तकांबद्दल आमचं बोलणं व्हायचं ते पुस्तक हातावेगळं झाल्यावरच. तोवर वाचताना काय वाटलं होतं त्यातलं निम्मं विसरलेलं असतं आणि उरलेल्यावर शेवटाचा रंग चढलेला असतो. मला हवं आहे ते मधलं मत. पुस्तक अजून हातात आहे, पुढे काय आहे ठाऊक नाही, आणि काल रात्री दिवा मालवण्याआधी मनात जे आलं, ते.

पद्धत अशी ठरली: वही एकाकडे दोन दिवस, मग पुढच्याकडे. दर दुसऱ्या रविवारी दीड तास भेटायचं. मी पहिल्या चाळीस पानांवर रकाने आखले. पुस्तक, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, विषय, एकूण पानं, वाचून झालेली पानं, पाचपैकी गुण, आणि शेवटी मत. आखायला पावणेदोन तास लागले.

या नोंदी मी वहीपासून वेगळ्या ठेवते आहे. आणखी कुणाला असं काही करायचं असेल, तर आमचा जो वेळ वाया जाईल तो निदान त्यांचा वाचेल.

१९ जानेवारी

पहिली भेट. वही सातच जणांपर्यंत पोचली होती. हिशेब माझाच चुकला. नऊ जण, प्रत्येकी दोन दिवस, म्हणजे अठरा दिवस. आणि भेट चौदाव्या दिवशी. पहिल्या दिवशीच बोटं मोजली असती तर लक्षात आलं असतं.

खरी चूक रकान्यांची. मताचा रकाना दोन बोटं रुंद. त्यात माणूस किती लिहिणार? सात नोंदींत 'छान' तीनदा, 'ओघवती भाषा' दोनदा, 'खिळवून ठेवतं' एकदा, 'थोडं संथ पण छान' एकदा. बाकीचे आठ रकाने मात्र सगळ्यांनी मन लावून भरले. प्रकाशकाचं नाव, आवृत्ती, सगळं. म्हणजे मी मत मागायला बसले आणि पुस्तकांची यादी तयार झाली.

गुणांचाही उपयोग नाही. सातही जणांनी चार किंवा पाच दिले. सरळ आहे, पुस्तक आपण आवडेल म्हणूनच उचलतो, आणि अजून वाचतोय म्हणजे टाकून दिलेलं नाही. मग दोन गुण देणार कोण?

२१ जानेवारी

रकाने रद्द. आखलेली उरलेली पानं स्टेपलरने बंद केली. वहीऐवजी आता प्रत्येकाला सुटे कागद. भेटीत आणायचे, नंतर ते वहीत मी चिकटवणार. फिरती वही नको, कारण ती एकाकडे अडली की बाकी सगळे अडतात.

कागदावर तीनच प्रश्न. कुठपर्यंत आलात? वाचता वाचता कुठे थांबलात, आणि कशामुळे? आत्ता काय वाटतंय, उद्या बदललं तरी चालेल असं?

मधला प्रश्न मावशींनी सुचवला. मावशी आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ. त्या म्हणाल्या, "आवडलं का विचारलंस तर मी हो म्हणेन. कुठे पुस्तक मांडीवर पालथं घातलंस असं विचार, मग मला आठवावं लागेल."

२ फेब्रुवारी

फरक लगेच दिसला. नऊपैकी आठ कागद आले आणि एकावरही 'छान' नाही. वहिनींनी लिहिलंय की त्या एका आत्मचरित्रात आईच्या मृत्यूचा परिच्छेद वाचून थांबल्या. दुःख झालं म्हणून नव्हे, तर लेखकाने ते दीड ओळीत उरकलं म्हणून. 'पुढचं पान मी शोधत होते, त्यात अजून काही असेल म्हणून. नव्हतं.' या एका वाक्यावर आम्ही पंचवीस मिनिटं बोललो. ज्यांनी ते पुस्तक उघडलंही नव्हतं तेही बोलले.

'कुठपर्यंत आलात' हा प्रश्न मात्र फसला. काका आणि ताई योगायोगाने एकच कादंबरी वाचत होते. काकांकडे जुनी आवृत्ती, ताईकडे नवी. काका म्हणायचे पान एकशे बारा, ताईच्या पुस्तकात तो प्रसंग एकशे अठ्ठेचाळीसवर. अर्धा तास दोघं पानं उलटत बसले. रात्रपाळी करणारा आमचा मित्र फोनवर वाचतो. तो अक्षरं मोठी करतो तशी त्याची पानं वाढतात, त्यामुळे त्याच्या पान क्रमांकाला अर्थच नाही.

मावशींचा कागद आणखी वेगळा. त्यांच्या हातात इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आहे. १९६७चं पुस्तक, महाभारतातल्या एकेका व्यक्तिरेखेवरचे लेख. मावशी क्रमाने वाचतच नाहीत. आधी द्रौपदी, मग गांधारी, मग कुंती. त्यांच्या कागदावर होतं: 'तीन झाले. कर्ण मुद्दाम शेवटी ठेवलाय.'

आता नियम: पान क्रमांक लिहायचा नाही. प्रकरण असेल तर प्रकरण, नसेल तर शेवटी वाचलेला प्रसंग किंवा समोर असलेलं पात्र. लेखसंग्रह असेल तर झालेल्या लेखांची नावं.

१६ फेब्रुवारी

आज वाईट झालं. सविस्तर लिहिते, कारण असा उपक्रम नेमका याच जागी मोडतो.

ताई 'रणांगण' वाचते आहे. विश्राम बेडेकरांची १९३९ची कादंबरी. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, तिच्यावरचा चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा. अंगाने लहान पुस्तक, एका बैठकीत होण्यासारखं, पण ताई रोज चार-पाच पानंच वाचत होती, आणि तेही सांगत होती की मुद्दाम असं करतेय, बोट किनाऱ्याला लागू नये म्हणून. तिने कागदावर लिहिलेलं वाचून दाखवायला सुरुवात केली: चक्रधर अजून किती दिवस स्वतःला सांभाळून बोलणार, असं काहीतरी. आणि काका भरभरून म्हणाले, "अगं, तो तर शेवटी..." आणि वाक्य पूर्ण केलं.

खोलीत कुणी काही बोललं नाही. ताईने हातातला कागद खाली ठेवला. मग पुस्तक उघडून वाचनखूण जिथे होती तिथून काढली, पुस्तक मिटलं आणि खूण पहिल्या पानात घालून ठेवली. रागावली नाही. "पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागेल आता," एवढंच म्हणाली. काकांचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांना ते पुस्तक इतकं प्रिय आहे की बोलल्यावाचून राहवलं नाही.

चूक काकांची म्हणून सोडून देता येणार नाही. पुस्तक संपवलेला आणि पुस्तकात असलेला, या दोघांना शेजारी बसवलं आणि कुणी आधी बोलायचं ते ठरवलंच नाही, हे माझं चुकलं.

१८ फेब्रुवारी

सगळ्यांना निरोप पाठवला: पुढच्या भेटीपासून कथानकाबद्दल काहीही बोलायचं नाही, फक्त स्वतःला काय वाटलं ते.

२ मार्च

वरचा नियम टाकाऊ. आज सगळे इतके जपून बोलले की कशाबद्दल बोलतायत तेच कळेना. 'एक प्रसंग आहे, त्यात एक जण काहीतरी करतो, ते मला पटलं नाही.' दीड तासाची भेट पन्नास मिनिटांत संपली. प्रसंग सांगितल्याशिवाय मत सांगता येत नाही, ही साधी गोष्ट मला दोन आठवडे घालवून कळली.

मग उरलेल्या वेळात वहिनींनी तोडगा काढला आणि तो तिथेच वापरून पाहिला. ज्याचं वाचन सगळ्यांत मागे, तो आधी बोलणार. त्याच्यापुढचं कुणी काही सांगायचं नाही. मग त्याच्या पुढे असलेला, आणि मागच्याला ऐकायचं नसेल तर त्याने तेवढा वेळ बाहेर जायचं. ज्याचं पुस्तक संपलंय त्याने फक्त प्रश्न विचारायचे.

काकांना आज प्रश्न विचारण्याचंच काम होतं. ताई 'रणांगण' पुन्हा पहिल्यापासून वाचते आहे. काकांनी तिला विचारलं, "शेवट माहीत असताना आता सुरुवातीच्या गप्पा कशा वाटतायत?" ती बराच वेळ बोलली. आधी ज्या वाक्यांवरून तिची नजर सरळ पुढे गेली होती, तीच आता अडवतायत, असं तिचं म्हणणं. मला वाटतं, दोघांचंही ओझं थोडं उतरलं.

१६ मार्च

तीन कागद एकाच कादंबरीवर आले, तीन वेगवेगळ्या माणसांचे, आणि तिन्हींतलं मत जवळपास सारखं. शब्दही सारखे: 'तुटलेपण', 'मूल्यसंघर्ष'. पुस्तक समोर होतंच. प्रस्तावना उघडली तर दुसऱ्याच पानावर दोन्ही शब्द.

कुणी मुद्दाम उतरवलं असं मला अजिबात वाटत नाही. प्रस्तावना आधी येते, ती जाणकाराने लिहिलेली असते, आणि मग पुढची पानं आपण तिच्या नजरेने वाचतो. मलपृष्ठावरच्या मजकुराचंही तेच. आता ठरलंय की पहिला कागद लिहून होईपर्यंत प्रस्तावना वाचायची नाही. काकांना हे पटलेलं नाही. जुन्या पुस्तकांचा काळ माहीत नसेल तर वाचक भरकटतो, असं ते म्हणतात. जुन्या पुस्तकांपुरतं त्यांचं बरोबर आहे. म्हणून सवलत ठेवली: प्रस्तावना आधी वाचली असेल तर कागदाच्या कोपऱ्यात 'प्र' लिहायचं.

३० मार्च

आजची भेट अडीच तास चालली.

आमच्यातला धाकटा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. तो 'मृत्युंजय' वाचतोय. शिवाजी सावंतांची ही कादंबरीही १९६७चीच. मला हे आज दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवल्यावर लक्षात आलं. एकाच वर्षी, एकाच भाषेत, एकाच कर्णाकडे पाहणारी दोन पुस्तकं. एक कादंबरी, एक चिकित्सा. 'मृत्युंजय'मध्ये सांगणारा बदलत राहतो. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण. त्यामुळे 'कुठपर्यंत आलात' याचं उत्तर धाकट्याने नेमकं दिलं होतं: 'सध्या दुर्योधन बोलतोय.' आणि खाली, पेन्सिलने, मोठ्या अक्षरांत: 'कर्णावर सगळ्यांनी अन्याय केला. याच्यापुढे काही बोलायलाच नको.'

मावशींनी नेमका याच आठवड्यात 'युगान्त'मधला कर्ण वाचला होता. त्यांचा कागद दोन पानी. इरावतीबाई कर्णाची बाजू घेत नाहीत, महाभारत पुढ्यात ठेवून त्याला तपासतात. मावशी लिहितात: 'वाचताना मला राग आला. लहानपणापासून मनात जपलेला माणूस कुणीतरी उजेडात आणून उलटापालटा करून पाहतंय असं वाटलं. मी दोनदा पुस्तक मिटलं. तिसऱ्यांदा उघडलं ते बाई खोटं कुठे बोलतात ते पकडायला. सापडलं नाही.'

धाकटा तावातावाने बोलला. मावशी शांतपणे म्हणाल्या, "अरे, गंधर्वांनी दुर्योधनाला धरलं तेव्हा कर्ण रण सोडून गेला होता. हे बाईंनी रचलेलं नाही, मुळात वनपर्वात आहे." त्याला हे माहीत नव्हतं. तो गप्प झाला, मग म्हणाला, "पण मावशी, माझ्या पुस्तकात आत्ता दुर्योधन बोलतोय. त्याला कर्ण जसा दिसतो तसाच मला दिसणार ना?"

मला वाटतं, गेल्या तीन महिन्यांत या वहीसाठी इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. आपण आत्ता कुणाच्या तोंडून ऐकतोय हे ज्या वाचकाला कळतं, त्याच्या मधल्या मताला वजन असतं. कागदावर चौथा प्रश्न वाढवला: आत्ता कोण सांगतंय, आणि तुमचा त्याच्यावर विश्वास आहे का?

शेवट फोडण्याचा नियमही इथे बदलावा लागला. कर्णाचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊकच आहे. इथे फोडण्यासारखं काही असेल तर ते शेवट नव्हे, लेखकाने तो कसा हाताळला ते. धाकट्याला श्रीकृष्णाच्या तोंडून काय ऐकायला मिळणार आहे, ते कुणीही सांगितलं नाही.

१ एप्रिल

वेळेचा हिशेब, कारण सुरू करण्याआधी मला हा कुणी दिला नव्हता. कागद गोळा करणं, तारीखवार लावणं, चिकटवणं: दर भेटीमागे साधारण तास. निरोपानिरोपी: आठवड्याला अर्धा तास. भेटीचा वेळ वेगळा. स्वतःचं वाचन पहिल्या महिन्यात निम्म्यावर आलं होतं. आता चिकटवण्याचं काम वहिनींनी घेतलं आहे.

गोंद वापरू नका. ओल्या गोंदाने कागदाला सुरकुत्या पडल्या आणि मागच्या बाजूची शाई पसरली. जानेवारीतले दोन कागद आता वाचता येत नाहीत. नुसतं भोक पाडून दोऱ्याने ओवलेलं बरं, मागची बाजूही वाचता येते.

१३ एप्रिल

धाकट्याने ३० मार्चचा आपला कागद मागून घेतला होता. आज परत आणला, तेव्हा पेन्सिलचं ते वाक्य रबराने खोडलेलं आणि जागी नवं मत. समजूतदार, दोन्ही बाजू पाहणारं. मला आधी बरंच वाटलं.

मावशींनी कागद हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि तिरपा धरला. पेन्सिल दाबून लिहायची त्याला सवय आहे. खोडलं तरी अक्षरांचे खोलगट वळ कागदावर राहिले होते. मावशींनी ते वाक्य वाचून काढलं, अगदी 'काही बोलायलाच नको'पर्यंत.

"हे खोडलंस कशाला?" त्या म्हणाल्या. "मी घरी बसून याला उत्तर लिहिलंय. आता माझं उत्तर कुणाला?"

"चुकीचं होतं ते," तो म्हणाला.

"चुकीचं नव्हतं. त्या दिवशीचं होतं."

त्याने तिथेच बसून जुनं वाक्य पुन्हा लिहिलं, वळांवरूनच गिरवून, आणि शेजारी तारीख घातली. मग नव्या मताशेजारी नवी तारीख. मावशींचं उत्तर दोघांच्या मधे ओवलं.

नियम केला: खोडायचं नाही. मत बदललं तर खाली तारीख घालून लिहायचं. पेन्सिल बंद, पेनने लिहायचं. वही कशासाठी आहे असं मला आता कुणी विचारलं तर मी तो कागद दाखवते. सगळे बदल संपून शेवटी जे उरतं तेवढंच परीक्षणात येतं. आम्हाला ते बदल घडतात तेव्हाच हवे आहेत.

मागे जाऊन बाकीचे कागदही तिरपे धरून पाहिले. आणखी दोघांनी खोडलेलं होतं. त्यांचं वाचता आलं नाही.

२७ एप्रिल

रात्रपाळीच्या मित्राचे कागद महिनाभर आले नव्हते. त्याला लिहायला वेळ मिळत नाही, वाचतो तोही मधल्या सुट्टीत. त्याला सांगितलं, बोलून रेकॉर्ड करून पाठव. त्याने आठ मिनिटांचं पाठवलं आणि ते उत्तम होतं. पण कागदावर उतरवायला मला एक तास दहा मिनिटं लागली, आणि उतरवल्यावर त्यातला श्वास गेला. 'थांब, इथे काहीतरी आहे, सापडत नाहीये' असं तो दोनदा म्हणतो. ऐकताना तिथे तो पुस्तकाशी झगडतोय हे कळतं. लिहिल्यावर नुसते शब्द राहतात.

आता त्याने दोनच मिनिटं बोलायचं आणि आम्ही ते भेटीत ऐकायचं. वहीत तारीख, पुस्तक आणि एका ओळीत सार. एवढं पुरतं.

ताईच्या हाती सध्या दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' आहे. बारा महिन्यांवरचे ललितलेख, १९५६चं पुस्तक. तिने ठरवलंय की एका महिन्यात एकच लेख, त्याच महिन्याचा. म्हणजे तिचं 'सध्या हातात काय' वर्षभर एकच राहणार. कुणी घाई करू नये.

११ मे

तीन जण दोन भेटी आले नाहीत. मला वाटलं कंटाळले. वहिनींनी एकेकीला सहज विचारलं तेव्हा कारण कळलं: तिघांनीही हातातलं पुस्तक अर्ध्यात सोडलं होतं, आणि ते वहीत कसं लिहायचं म्हणून येत नव्हते. आमच्या कागदावरच्या चारही प्रश्नांत 'पुढे वाचणार' हे गृहीत आहे. हे आपल्या प्रश्नांतून गळलंय असं मला चार महिने सुचलं नाही.

वहीच्या शेवटी स्वतंत्र विभाग केला: 'ठेवून दिलेली'. कुठे ठेवलं, का ठेवलं, पुन्हा उघडाल का. एका संध्याकाळीत अकरा नोंदी आल्या. काकांच्याच तीन. कारणं वाचून मी अवाक झाले. टाईप बारीक, डोळे दुखले. अनुवाद इतका अवघड की प्रत्येक वाक्य मनात पुन्हा मराठी करावं लागत होतं. मालिकेचा दुसरा भाग आधी हातात आला. आणि एकीने लिहिलंय: 'पुस्तक चांगलं आहे. त्यातले वडील दवाखान्यात आहेत. माझेही होते. दीड प्रकरण वाचून कपाटात ठेवलं. कधीतरी उघडेन, खूण तिथेच आहे.'

ही नोंद वाचून झाल्यावर काकांनी त्यांच्या तीनपैकी एका नोंदीतलं 'रटाळ' खोडायला पेन उचललं, मग नियम आठवून थांबले आणि खाली तारीख घालून लिहिलं: 'कदाचित मीच त्या दिवसांत रटाळ होतो. पुन्हा पाहीन.'

असं काही सुरू करणार असाल तर सोडून दिलेल्या पुस्तकांची जागा पहिल्या दिवसापासून ठेवा. पूर्ण वाचलेल्यांपेक्षा त्यांच्याबद्दल माणसं जास्त मोकळं लिहितात.

२५ मे

गेले सहा आठवडे एक वेगळा प्रयोगही चालू होता, त्याची नोंद राहिली. कल्पना काकांची: सगळ्यांनी एकच कादंबरी एकाच वेगाने वाचायची. पुस्तकही त्यांनीच सुचवलं, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?'. हरिभाऊंनी १८९०मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं, त्यात ही कादंबरी हप्त्याहप्त्याने आली. तिच्या पहिल्या वाचकांकडे मधलंच मत होतं, कारण पुढचा मजकूर अजून छापूनच यायचा होता. शेवट सांगून टाकणारा कुणी शेजारी नव्हता.

पहिले तीन आठवडे फुकट गेले. मी आठवड्याला पन्नास पानं ठरवली होती. हप्ता बरोबर एखाद्या प्रसंगाच्या ऐन मध्यावर तुटायचा. कुणी तिथे थांबायचं, कुणाला राहवायचं नाही. काका तर दुसऱ्याच आठवड्यात पुढे निघून गेले, आणि प्रश्न विचारण्यापुरते बोलले तरी त्यांच्या प्रश्नांतूनच पुढचं कळायचं. दोघं मागे पडले ते भाषेमुळे. लांब वाक्यं, जुनी वळणं; एका वाक्यात तीन 'की' आले की धाकटा सुरुवात विसरायचा.

दोन गोष्टी बदलल्या. हप्ता पानांवर नव्हे, प्रकरणांवर. आणि भेटीत पहिली दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं, आळीपाळीने. दुसऱ्या बदलाने काम झालं. ही कादंबरी जिच्या तोंडून येते त्या यमूचं लांबलचक बोलणं डोळ्यांना जड जातं, कानांना नाही. ती आपली हकीकत कुणाला तरी शेजारी बसवून सांगतेय, मधेच अडतेय, मागचं काहीतरी आठवून परत येतेय. मावशी वाचत होत्या तेव्हा धाकट्याने पुस्तक बाजूला ठेवलं आणि नुसतं ऐकलं. नंतरच्या कागदावर त्याने चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं: 'यमू सांगतेय. विश्वास आहे. पण ती काही गोष्टी सांगताना घाई करते, तिथे मला भीती वाटते.'

प्रयोग अजून संपलेला नाही. निम्म्याच्या थोडं पुढे आहोत. काकांनी आपणहून पुस्तक वहिनींकडे ठेवायला दिलंय, आठवड्यापुरती प्रकरणं झाली की परत.

८ जून

वहीत आता एकशे तीस कागद ओवलेले आहेत. पुठ्ठा सुटायला लागलाय. पुढची वही फाईलसारखी, खिळ्याची घेणार, म्हणजे कागद मधे घालता येतील. उत्तरं ज्याला दिली त्याच्या शेजारीच राहायला हवीत आणि दोऱ्यात ते जमत नाही, दरवेळी सगळं उसवावं लागतं.

धाकट्याचं 'मृत्युंजय' काल संपलं. त्याच्या कागदांचा गठ्ठा वेगळा काढला तर सात निघाले, सात तारखांचे. आज त्याने 'युगान्त' मागितलं. मावशींनी दिलं, पण आधी त्यातले स्वतःचे कागद काढून घेतले. "तुझा पहिला कागद येऊ दे," त्या म्हणाल्या, "मग माझे देते." त्याने विचारलं, कर्णापासून सुरू करू का. मावशी म्हणाल्या, "तुझं तू ठरव. कुठून सुरू केलंस ते मात्र लिही."

पुढची भेट २२ जूनला. ताईचा ज्येष्ठाचा लेख तोवर व्हायला हवा. काकांचं 'ठेवून दिलेली'मधलं एक पुस्तक पुन्हा उघडलं गेलंय, त्याचा कागद येणार आहे. खिळ्याची फाईल मी आणते आहे.